चार तोळे, तीन मासे, पाच गुंजा

आजीच्या पाटल्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती: ‘पाटल्या जोड, ४ तोळे ३ मासे ५ गुंजा.’ गेल्या महिन्यात वाटणी करायची म्हणून आम्ही दोघी बहिणी गुहागरहून आधी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने पाटल्या आत नेल्या आणि बाहेर येऊन सांगितलं, पाच तोळ्यांना किंचित कमी. मी चिठ्ठी पुढे केली. ‘मग या त्या पाटल्या नसतील,’ एवढंच बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एसटीत धाकटी घरापर्यंत गप्प होती. आजीच्या शेवटच्या वर्षांत डबा माझ्याकडे होता.

म्हणून चिपळूणच्या जुन्या बाजारपेठेतल्या या लहानशा दुकानाबद्दल मनापासून लिहिते आहे. काका सत्तरीचे असतील. त्यांनी काटा आमच्याकडे तोंड करून ठेवला, शून्य दाखवला, मग पाटल्या ठेवल्या. ४९.८६ ग्रॅम. चिठ्ठी वाचून पहिला प्रश्न विचारला, ‘ताई, पाटल्या कधीच्या?’ आजीच्या लग्नातल्या, १९५१च्या. ‘मग हा जुना तोळा.’

दशमान वजनांचा कायदा १९५६चा. आज दुकानात दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. बारा माशांचा तोळा, आठ गुंजांचा मासा. काकांनी कागदावर मांडलं: चार तोळ्यांचे ४६.६५६, तीन माशांचे २.९१६, पाच गुंजांचे ०.६०८. बेरीज ५०.१८. तूट ०.३२ ग्रॅम, म्हणजे अडीच गुंजांच्या आसपास. ‘सत्तर वर्षं हातात वापरल्यात, एवढी झीज होणारच.’ धाकटीने तो कागद दोनदा वाचला आणि माझा हात धरला.

मग काकांनी एक लाकडी पेटी काढली. २०२१च्या जुलैमधल्या पुरात दुकानातलं फर्निचर गेलं, ही पेटी माळ्यावर होती म्हणून वाचली. आत पितळी तराजू, मूठभर गुंजा आणि पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. तो रुपया काट्यावर ११.६२ भरला. नवा असताना त्याचं वजन बरोबर एक तोळा, म्हणून खेडोपाडी तोच वजन म्हणून तराजूत पडायचा. आजी ‘तोळा’ न म्हणता ‘भार’ म्हणायची, ते आठवलं. गुंजा मात्र एक ०.१२ भरली, दुसरी ०.११. कुंपणावरच्या वेलीची बी ती, सारखी कशी असणार? (विषारी असते, मुलांच्या हाती देऊ नका.)

शेजारी खेडचे एक गृहस्थ दुबईहून आणलेलं एक तोळ्याचं बिस्कीट घेऊन बसले होते. ते ११.६६ भरलं, कारण आखाती बाजारात तोळा अजून जुनाच आहे. दहा ग्रॅमचा भाव धरून ते विकायला निघाले असते तर दीड ग्रॅमहून जास्त सोनं फुकट गेलं असतं. बातम्यांमधला जागतिक भाव औंसाचा असतो, तोही सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावरचा औंस २८.३५चा, त्यावर हिशेब करू नये हेही काकांनीच सांगितलं. माझ्या मते प्रत्येक सराफाने भिंतीवर हा तक्ता लावायला हवा.

गोठ असतील तर आतल्या लाखेचं वजन वेगळं निघतं, पाटल्या भरीव म्हणून तो प्रश्न आला नाही. जुन्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्क केलेल्या दागिन्याचा ओळख क्रमांक, नसतो. शुद्धतेबद्दल काकांनी अंदाज सांगायचं टाळलं आणि हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या म्हणाले. हे मला फार आवडलं. वजनाचे पैसे घेतले नाहीत.

उणं सांगायचं तर बसायला दोनच स्टुलं, आणि लग्नसराईत उभं राहावं लागतं. नवीन घडणावळीचे नमुने थोडे आहेत, मुलीच्या लग्नासाठी हौसेने निवड करायची असेल तर दुसरीकडेही बघा.

निघताना काकांनी दोन्ही पाटल्या वेगवेगळ्या तोलून दोन चिठ्ठ्या दिल्या, २४.९६ आणि २४.९०, दोन्हींवर ग्रॅम आणि कंसात जुने मासे-गुंजा. धाकटीने हलकी घेतली.

दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. गुहागरकडून येणाऱ्यांनी सकाळची एसटी धरावी.