बारा इंची लाकडी मॅनिकिन: राक्षस-वेताळ काढायला कितपत उपयोगी?

अप्पा बळवंत चौकात चित्रकलेचं सामान घ्यायला गेलं की काचेआड उभा दिसतो तोच हा सांध्यांचा पुतळा. उंची 12 इंच, किंमत पाचशेच्या आसपास. उन्हाळ्यात आणला, पावसाळा उलटला तरी टेबलावरून हललेला नाही. काम एकच: माणसासारखे दिसणारे, पण माणूस नसलेले जीव काढणं. तोल आणि प्रमाण यांना उत्तम, खांद्यांच्या बाबतीत मात्र साफ कुचकामी.

आधी पट्टी लावून मोजा. पुतळा साधारण आठ डोक्यांचा भरतो, म्हणजे उंची डोक्याच्या आठपट. खरा माणूस साडेसातच्या आसपास असतो. राक्षस अवाढव्य दिसायला हवा असेल तर डोकं लहान करा, अंग नऊ डोक्यांपर्यंत न्या, आणि मनगटं-घोटे जाड करायला विसरू नका. उंची दुप्पट झाली की वजन आठपट होतं, हाडाचा छेद मात्र चौपटच. बारीक घोट्यांचा राक्षस म्हणूनच नुसता ताणलेला माणूस वाटतो. वेताळाला आजानुबाहू करायचं तर लांबी कोपराखाली जास्त द्या. एरवी बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर येतात, तिथून गुडघ्यापर्यंतचं अंतर दंडात घातलं तर कोपर कमरेच्या फार खाली लोंबतं.

मूर्तिशास्त्राची मापं वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. नवताल म्हणजे नऊ डोकी नव्हेत. ताल 12 अंगुळांचा आणि तो चेहऱ्याचा, म्हणजे हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत. नवतालाची 108 अंगुळं याच रेषेपर्यंत मोजली आणि वर टाळूची 4 धरली, तर एकूण 112 होतात, आणि 16 अंगुळांच्या डोक्याने आकृती सातच डोक्यांची होते. पुतळ्याच्या आठाशी हे माप सरमिसळ केलं की पाय लांब आणि धड आखूड असं विचित्र काहीतरी तयार होतं.

आता खांदे. पुतळ्याला ना हासळी (गळ्याखालचं आडवं हाड), ना खवाटा (खांद्यामागचं पसरट हाड). हात वर केला की फक्त गोळा फिरतो, खांदा जागचा हलत नाही. खऱ्या शरीरात हात पूर्ण वर जाताना 180 अंशांपैकी सुमारे 60 अंश खवाटा फिरल्यामुळे मिळतात, आणि हासळीचं बाहेरचं टोकही वर उचललं जातं. चार हातांच्या आकृतीत हा दोष दुप्पट होतो. गणपतीच्या मूर्तीत मागचे दोन हात त्याच खांद्यामागून निघतात. समोरून ते शोभतं, कारण मूर्ती बसलेली आणि स्थिर आहे. उत्सवात मंडपात कडेला उभं राहून बघा, जोड लगेच कळतो. धावणारा चार हातांचा जीव काढायचा तर बरगड्यांचा पिंजरा अर्ध्या डोक्याने लांबवा, दुसऱ्या जोडीला स्वतःचा खवाटा द्या आणि छातीचे स्नायू दोन थरांत बसवा. पंखांनाही हाच नियम: मुळाशी स्नायूंचा आधार नसेल तर ते पाठीला चिकटवलेले वाटतात.

ही भर पुतळ्यावरच प्लॅस्टिसीनने, म्हणजे न वाळणाऱ्या तेलकट मातीने, घालता येते. शाडू मात्र नको. वाळली की तडकते आणि ओली असेपर्यंत लाकूड फुगवते. जनावरी पायांसाठी पावलाला प्लॅस्टिसीन लावून ते लांब करा, टाच उचला, मांडी जरा आखूड काढा. लोक ज्याला ‘उलटा गुडघा’ समजतात ती टाचच असते. गुडघा वर, पोटाजवळ असतो आणि पुढेच वाकतो. शेवटी उभा दोरा धरून बघा: धडाचा भार बोटांच्या टेकूवर पडत नसेल तर जीव मागे कलंडतोय.

फोटो काढताना मोबाइल किमान तीन फूट लांब ठेवून झूम करा. वीतभरावरून काढलेल्या फोटोत जवळचा हात डोक्याहून मोठा येतो आणि तेच प्रमाण नकळत चित्रात उतरतं.

टिकाऊपणा बेताचा. पावसाळ्यात लाकूड फुगून गुडघे अडकतात. जोर लावून फिरवू नका, खुंटी मोडते. कोरड्या जागी ठेवला की आपोआप सुटतात. खुब्यातल्या स्प्रिंगा मात्र सैल होतात, आणि पाय उचललेली पोज काही मिनिटांत ओघळते. रात्री पुतळा सरळ उभा करून ठेवला तर स्प्रिंगा जास्त टिकतात.

स्त्री-पुरुष वेगळे घेण्यात अर्थ नाही, फरक नावापुरताच. सहा इंची तर घेऊच नका, त्याचे सांधे पोज धरत नाहीत. पंजा म्हणाल तर तो निव्वळ चमचा आहे. नख्या काढायला स्वतःचा मोकळा हातच समोर धरावा लागतो.