1897 मधल्या दोन मंगळस्वाऱ्या: वेल्स आणि लासवित्स

1897 साली मंगळवासी पृथ्वीवर दोनदा उतरले. एच. जी. वेल्स यांची 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' लंडनच्या 'पिअर्सन्स' मासिकात क्रमशः येत होती, आणि त्याच वर्षी जर्मनीत गोथाचे शिक्षक कुर्ड लासवित्स यांची 'आउफ त्स्वाय प्लानेटेन' ('दोन ग्रहांवर') ही कादंबरी निघाली.

वेल्सचे मंगळवासी वोकिंगजवळच्या माळरानावर पडतात, उष्णकिरणांनी माणसं जाळतात, त्यांचं रक्त शोषतात. त्यांच्याशी बोलणीच शक्य नाहीत. पहिल्याच प्रकरणात वेल्स वाचकाला युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानिया बेटावर केलेल्या मूळ रहिवाशांच्या संहाराची आठवण करून देतात. साम्राज्य उपभोगणाऱ्या वाचकापुढे हे मांडायला धाडस लागतं.

लासवित्सचे पाहुणे दिसायला माणसासारखे, मोठ्या डोळ्यांचे. बलूनमधून उत्तर ध्रुवावर पोचलेल्या जर्मन संशोधकांना तिथे त्यांचा तळ सापडतो, आणि ध्रुवाच्या थेट वर, पृथ्वीच्या त्रिज्येइतक्या उंचीवर, त्यांचं अंतराळस्थानक! नीतीने ते आपल्यापेक्षा वरचढ. पण 'मागासांना सुधारायचं' म्हणत तेच राज्यकर्ते होतात आणि सत्तेने बिघडतात. मला हा भाग जास्त झोंबतो, कारण इथे अन्याय चांगल्या हेतूने सुरू होतो. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने असली सुधारणा भोगली आहे.

कथेच्या वेगात मात्र लासवित्स मागे पडतात. तत्त्वचर्चा पानोपानी, प्रेमकथा लांबलेली. वेल्सचं पुस्तक हातात घेतलं की सुटत नाही.

मंगळवासीयांची भीती अनुभवायची असेल, तर वेल्स घ्या. अंतराळस्थानक, ग्रहांमधला प्रवास यांचा तपशील हवा असेल, तर लासवित्स. रॉकेटतज्ज्ञ व्हेर्नर फॉन ब्राउन यांनी तरुणपणी लासवित्सचं हे पुस्तक आवडीने वाचलं होतं.