शास्त्रीय गाण्याचा नाद लावून घ्यायचाय? फोन, मैफल की क्लास

आपल्या कोल्हापुरात मंगळवार पेठेतला माझा एक दुकानदार मित्र परवा म्हणाला, "गाणं कळत नाही रे, पण आवडावं असं वाटतंय. क्लास लावू काय?" फी भरायच्या बेतातच होता. मी थांबवला.

क्लास गाणाऱ्यासाठी असतो. मी एके ठिकाणी सहा महिने पलटे, म्हणजे स्वरांचे सराव, घोकले, प्रारंभिकची म्हणजे अगदी पहिली परीक्षाही दिली. पण मैफलीत कुठला राग चाललाय हे तेव्हाही कळत नव्हतं. खासबाग मैदानात कुस्ती बघायला येणाऱ्यांतल्या किती जणांनी कधी लंगोट कसलाय? तरी पटाचा डाव निघाला की सगळं मैदान उठून उभं राहतं. गळ्यावर मेहनत करायची हौस असेल, किंवा घरातल्या पोराला शिकवायचं असेल, तर क्लास जरूर लावा. नुसता कान तयार करायचा असेल तर ती लांबची वाट आहे.

उरले फोन आणि मैफल.

फोनला खर्च नाही, वेळ आपल्या सोयीची, आणि तेच तेच पुन्हा ऐकता येतं. हा शेवटचा फायदा सगळ्यात मोठा, आणि तोच कुणी वापरत नाही. लोक आज यमन, उद्या दरबारी ऐकतात आणि महिन्यानं म्हणतात, सगळं सारखंच वाटतं. वाटणारच! पंधरा दिवस एकच राग धरा. भूप घ्या: सा, रे, ग, प, ध, पाचच स्वर. तो चार वेगवेगळ्या गायकांकडून ऐका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण मिळालं तर उत्तमच. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळं गायकाला पाल्हाळ लावायला जागाच नसे. नाट्यपदांची गोडी असेल तर तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही. आपल्या गोविंदराव टेंबेंनी १९११ साली 'मानापमान' नाटकाच्या पदांना चाली दिल्या, त्या रागदारीतल्याच. निवड करायचा कंटाळा असेल तर आकाशवाणीची 'रागम' वाहिनी २०१६ पासून चोवीस तास चालू आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गायक अल्लादिया खाँसाहेब १८९५ मध्ये शाहू महाराजांच्या दरबारी आले, म्हणून त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचा आपल्याला अभिमान. पण त्या अभिमानापायी पहिल्याच दिवशी त्यांचे अनवट, म्हणजे क्वचितच कानावर पडणारे, जोडराग लावू नका. दोन रागांची वीण ओळखायला आधी ते दोन्ही राग सुटे माहीत हवेत.

फोनची खोट एकच: अंगठा. संथ लयीतला विलंबित ख्याल चौथ्या मिनिटाला जरा रेंगाळला की आपण पुढं सरकतो, आणि खरी गंमत पंधराव्या मिनिटाला असते.

मैफलीत पुढं सरकायची सोय नाही, आणि माझं मत पडतं ते इथंच. मांडी घालून बसलेल्या पन्नास माणसांत अडकलात की ऐकण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. माझ्या पहिल्या मैफलीत शेजारचे एक आजोबा बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होते. "तीनताल हाय, सोळा मात्रा," ते कानात पुटपुटले, "आता बघ, येतोय." गायक कुठंतरी लांब भरकटल्यासारखा वाटत होता, आणि नेमका तालाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची ओळ) घेऊन उतरला. अख्ख्या सभागृहाची मान एकदम हलली. सम म्हणजे काय, हे त्या एका क्षणात कळलं. फोनवर शेजारी आजोबा नसतात.

अडचणी आहेतच. रात्री उशीर होतो, कलाकाराचा त्या दिवशी गळा लागेलच असं नाही, आणि वाद्यांच्या जुळवाजुळवीत सुरुवातीचा वेळ जातो. पण १८८३ पासून गायन समाज देवल क्लबसारखी संगीतसंस्था असलेल्या आपल्या गावात मैफलीसाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. तबलजीचे हात दिसतील अशी जागा धरा आणि जाणत्या माणसाशेजारी बसा.

त्यामुळं मित्राला सांगितलं: पंधरा दिवस फोनवर भूप, मग पहिली मैफल मिळेल ती. दुकान नऊला बंद होत असेल तर उत्तरार्धाला ये, पण ये. क्लासचा विचार वर्षभरानं.

काल सकाळी त्याच्या दुकानावरून गेलो. शटर अर्धं वर, उदबत्ती लावलेली, आत भूप चालू. हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, सकाळी याच पाच स्वरांचा देशकार असतो, हे ओठांवर आलं होतं. पण तो मान हलवत होता, म्हणून गप्प बसलो.