मॅकशेनचं वाचनपत्रक: तीन वर्षं रोज वापरल्यावर

शास्त्र, म्हणजे बायबल, मी लहानपणापासून वाचत आले, पण उघडेल तिथून. माझी जुनी प्रत मिटून बाजूने पाहिली की सगळं कळायचं. स्तोत्रसंहितेच्या आणि योहानाच्या पानांच्या कडा बोटं लागून काळवंडलेल्या, आणि यहेज्केल संदेष्ट्याचं पुस्तक मात्र कोरं करकरीत. वीस वर्षं मी त्याच दहा-बारा अध्यायांत फिरत होते. मन उदास असलं की स्तोत्र 23, भीती वाटली की स्तोत्र 91. त्या अध्यायांनी मला सावरलं, ते मी कधी विसरणार नाही. पण जे वचन मला नको होतं, ते माझ्यापर्यंत कधी पोहोचतच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका मैत्रिणीने मला घडी घातलेला एक कागद दिला. रॉबर्ट मरे मॅकशेन या स्कॉटलंडमधल्या तरुण पाळकाने 1842 च्या अखेरीस डंडी इथल्या आपल्या मंडळीसाठी तयार केलेलं हे वाचनपत्रक. प्रत्येक तारखेपुढे चार रकाने, प्रत्येक रकान्यात साधारण एक अध्याय. वर्षभरात बायबलचा पहिला भाग, जुना करार, एकदा आणि दुसरा भाग, नवा करार, स्तोत्रांसह दोनदा वाचून होतो. पहिले दोन रकाने घरातल्यांनी एकत्र वाचायचे, उरलेले दोन एकट्याने.

आमच्या घरी ही विभागणी अगदी चपखल बसली. आईची नजर अधू झाली आहे, म्हणून सकाळचे दोन अध्याय मी तिला मोठ्याने वाचून दाखवते आणि रात्रीचे दोन माझे मी वाचते. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास जातो. पहिल्याच दिवशी उत्पत्ती 1 झाल्यावर मत्तय 1 आला. येशूची वंशावळ म्हणून मी भराभर वाचत सुटले, तर आई म्हणाली, "थांब गं, बायकांची नावं परत वाच." तामार, राहाब, रूथ, आणि नाव न घेता सांगितलेली उरीयाची बायको, कोणी परक्या, कोणी लोकांनी नावं ठेवलेल्या. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "प्रभूच्या घराण्यात यांनाही जागा आहे बघ." इतकी वर्षं मी ती वंशावळ ओलांडूनच पुढे जात होते.

पत्रकाची खरी ताकद मला एप्रिलमध्ये कळली. सुरुवातीपासून सरळ वाचत जाणारे बहुतेक जण लेवीयाशी, म्हणजे यज्ञांच्या आणि नियमांच्या पुस्तकाशी, येऊन थांबतात. मीही दोनदा थांबले होते. इथे लेवीय एकटा येत नाही. सोबत स्तोत्रं असतात, नीतिसूत्रं असतात, पौलाची पत्रं असतात. एका रकान्यात मन लागलं नाही तरी दुसरा हात धरून पुढे नेतो. लेवीय 16 मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवसाचं वर्णन आहे. वर्षातून एकदाच महायाजक सगळ्यात आतल्या परमपवित्र स्थानात जातो, आणि लोकांची पापं डोक्यावर ठेवलेला बोकड रानात सोडून देतात. ते वाचून जेमतेम तीन आठवडे होतात तोच चौथ्या रकान्यात नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा 9 वा अध्याय येतो, आणि ख्रिस्त एकदाच, स्वतःचं रक्त घेऊन आत गेला हे वाचताना तो बोकड अजून डोळ्यांसमोर असतो. हे मी उपदेशात पुष्कळदा ऐकलं होतं. पण स्वतःच्या वाचनात ते असं समोर आलं, तेव्हा पुस्तक मिटून मला गुडघे टेकावेसे वाटले.

आता अडचणी. चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे सुरुवातीचे दोन महिने गोंधळ होतो. कुठेही एका ओळीचाही खुलासा नाही, त्यामुळे संदेष्ट्यांची पुस्तकं पहिल्यांदाच वाचणाऱ्याला शेजारी अर्थ उलगडून सांगणारं एखादं पुस्तक लागेलच. माझ्या प्रतीतली अक्षरं फार बारीक आहेत. 29 फेब्रुवारीला काहीच नेमलेलं नाही, पण तो दिवस मागे राहिलेलं वाचायला बरा पडतो.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मागे पडणं. पहिल्या वर्षी आई आजारी होती आणि माझे अकरा दिवस बुडाले. मग दोन रात्री जागून मी चव्वेचाळीस अध्याय संपवले, सगळ्या खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही वचन आठवेना. मॅकशेनने पत्रकासोबत स्वतःच धोके लिहून ठेवले आहेत: वाचन नुसता रिवाज होऊन बसणं, वाचलं म्हणून स्वतःला नीतिमान समजणं, निष्काळजीपणे वाचणं, आणि न पेलणारं ओझं होणं. हे मी आधीच नीट वाचायला हवं होतं. आता चुकलेले दिवस मी रिकामेच सोडते आणि आजच्या तारखेपासून पुढे जाते. कोणाला चार रकाने जड जात असतील तर रोज दोनच घ्यावेत आणि हे पत्रक दोन वर्षांत पुरं करावं. माझ्या मैत्रिणीने तसंच केलं आणि तिचं वाचन माझ्यापेक्षा सखोल झालं, असं मला मनापासून वाटतं.

मॅकशेनबद्दल एक सांगायचं राहिलं. 1843 च्या जानेवारीत मंडळीने वाचायला सुरुवात केली आणि 25 मार्चला हा पाळक तापाने वारला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. पत्रकात त्या तारखेपुढे दुसऱ्या रकान्यात योहान 15 आहे, द्राक्षवेल आणि फाटे, येशूचं "माझ्यामध्ये राहा". दर 25 मार्चला तो अध्याय मी आईला जरा सावकाश वाचून दाखवते.

हे पत्रक मी कोणाला देईन? ज्याला रोज वाचायचं आहे पण "आज काय वाचू?" इथेच ज्याची सकाळ संपते, त्याला. अगदी नव्या विश्वासणाऱ्याला मात्र देणार नाही. त्याने आधी मार्क किंवा योहान शांतपणे पुरं करावं.

31 डिसेंबरला पहिल्या रकान्यात 2 इतिहासाचा शेवटचा अध्याय येतो. यरुशलेम जळालेलं, लोक बंदिवासात, आणि शेवटच्या ओळींमध्ये पारसाच्या कोरेश राजाचं फर्मान की ज्याला वर यरुशलेमेला जायचं आहे त्याने जावं. गेल्या वर्षी तो वाचून झाल्यावर आई म्हणाली, "मग, गेले का ते?" मी तिला म्हटलं, उद्या कळेल. एक जानेवारीच्या तिसऱ्या रकान्यात एज्रा 1 आहे आणि तो त्याच फर्मानाने सुरू होतो. तो रकाना खरा माझा, रात्रीचा. त्या दिवशी आईने तो सकाळीच वाचायला लावला.