21 डिस्का, एक पेनड्राइव्ह आणि निळूभाऊंचा खालचा आवाज

काम काय होतं ते आधी सांगतो. माझ्याकडे निळू फुल्यांच्या नऊ सिनेमांच्या व्हीसीडी होत्या, सहा सिनेमे दोन-दोन डिस्कांचे, तीन तीन-तीन डिस्कांचे, म्हणजे एकूण 21. प्लेअर मेला. नव्या टीव्हीला डिस्क घालायला जागाच नाही, मुलाच्या लॅपटॉपलाही नाही. मग पुण्यातल्या पेठेतल्या एका दुकानात सगळा गठ्ठा घेऊन गेलो. लग्नाच्या जुन्या कॅसेटी, मुंजीचे शूटिंग, असलं सगळं ते पेनड्राइव्हवर उतरवून देतात. दुकानाचं नाव लिहीत नाही. पहिल्या खेपेला त्यांनी काम बिघडवलं आणि दुसऱ्या खेपेला निस्तरलं, तेव्हा उगाच कुणाचा धंदा कशाला खराब करा.

दर डिस्कमागे 80 रुपये. हा आकडा ऐकून मला हसू आलं. निळूभाऊ पुण्यातल्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचे, तेव्हा त्यांचा महिन्याचा पगार 80 रुपये होता आणि त्यातले दहा ते राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. काउंटरवरच्या पोराला हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, तरी दर हाच राहील."

मग गठ्ठ्यावरचं पहिलं कव्हर पाहून पोरानं मान वाकडी केली, आवाज घोगरा केला आणि म्हणाला, "बाई, वाड्यावर या." माझा नातूही हेच करतो. मोबाइलवर त्याचं स्टिकर आहे म्हणे. मी माझ्याकडचे सिनेमे कितीदा पाहिले त्याला हिशेब नाही, पण त्यात हे वाक्य मला एकदाही सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं असेल तर सिनेमाचं नाव सांगा, ती डिस्क शोधतो.

आठ दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. घरी टीव्हीला लावला. त्यात दोन फोल्डर. एकाचं नाव 'निळू फुले', दुसऱ्याचं 'इतर'. 'इतर'मध्ये एकच सिनेमा, 'सिंहासन'. मला वाटलं चुकून पडला असेल. नंतर दुकानात विचारलं तर पोरगा म्हणाला, "मी दहा-पंधरा मिनिटं पाहिला काका, त्यात ते दिसलेच नाहीत. दुसऱ्याच कुणाची डिस्क मिसळली असं वाटलं."

दिसलेच नाहीत! अरे, दिगू टिपणीस कोण मग? अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून 1979 साली जब्बार पटेलांनी हा सिनेमा केला. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, डॉ. लागू अर्थमंत्री, आणि या सगळ्यांच्या मधून शर्ट-पँट घालून फिरणारा, ऐकून घेणारा, कुणाच्याच बाजूचा नसलेला पत्रकार म्हणजे निळूभाऊ. पोराची चूक मी माफ केली. नटाला आणखी काय पावती पाहिजे? धोतर नाही, बेरकी हसू नाही, बाईकडे रोखलेली नजर नाही, तर पोरानं माणूसच ओळखला नाही. शेवटी तो दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. ते हसू पाटलाच्या हसण्याच्या जवळपासही फिरकत नाही. हे फोल्डरचं प्रकरण मी तक्रारीत धरलेलं नाही.

खरी तक्रार 'सामना'ची. इथं मला माझी नोकरी सांगावी लागेल. मी एका सहकारी साखर कारखान्यावर काट्यावर क्लार्क होतो. उसाची गाडी आली की भरलेली तोलायची, गव्हाणीत रिकामी करून आली की पुन्हा तोलायची, पावती फाडायची. 31 हंगाम हेच. रात्रपाळीला कधी कधी चेअरमनसाहेब काट्यावर यायचे. कधी ओरडल्याचं आठवत नाही. खुर्ची ओढून बसायचे, माझ्या पोराबाळांची चौकशी करायचे, आणि उठताना सहज म्हटल्यासारखं असं एखादं वाक्य बोलायचे की रात्रभर झोप लागू नये. वाक्याच्या आधी थांबायचे. त्या थांबण्यातच सगळं असायचं.

म्हणून हिंदुराव धोंडे पाटील मी पडद्यावर पाहिला तेव्हा मला हा नट अभिनय करतोय असं वाटलंच नाही. लिहिलं तेंडुलकरांनी, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला, हे सगळं मला फार नंतर कळलं. मला दिसला तो काट्यावर येऊन बसणारा माणूस. दारुडा मास्तर एकच प्रश्न लावून धरतो, मारुती कांबळेचं काय झालं? मास्तर म्हणजे डॉ. लागू. ते आतून पेटलेले, आवाज चढवणारे, हातवारे करणारे. आणि समोर हिंदुराव. हा माणूस मास्तराला घरी ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आणि प्रश्न आला की आवाज चढवण्याऐवजी खाली नेतो. इतका खाली की तुम्हाला पुढे सरकून ऐकावं लागतं. ऐकायला पुढे सरकलात की तुम्ही त्याच्या वाड्यात शिरलात.

आता दुकानानं काय केलं ते ऐका. 'आवाज साफ करून देतो' असं पावतीवरच छापलेलं आहे. व्हीसीडीत मागे सतत एक खरखर असते. ती घालवायला त्यांनी कसलंसं सॉफ्टवेअर चालवलं. त्या यंत्राला खरखर आणि निळू फुल्यांचा खालचा आवाज यातला फरक कळला नाही. ठरावीक पातळीच्या खालचं सगळं त्यानं पुसलं. मास्तर ठणठणीत ऐकू येतो, आणि हिंदुरावाच्या वाक्यांची शेपटं गायब. ओठ हलतात, शब्द नाही. वाक्याच्या आधी नाकातून सोडलेला श्वास, तो हुंकार, सगळं सपाट. थांबण्याच्या जागी नुसती पोकळी, जणू टीव्हीची वायर निघालीय.

चित्राचंही तेच. टीव्ही भरून दिसावं म्हणून चौकोनी चित्र त्यांनी आडवं कापलं. उंचीचा पाव भाग गेला. जवळच्या दृश्यात डोकं वरून तासलेलं, हात खालून तोडलेले. या नटाचे हात कापणं म्हणजे तबलजीचे हात झाकून मैफल दाखवण्यासारखं आहे. शिवाय व्हीसीडीचं चित्र मुळातच 352 गुणिले 288 ठिपक्यांचं, ते ताणून 'एचडी' केलेलं. निळूभाऊंच्या चेहऱ्यावरच्या खाचखळग्यांवर इस्त्री फिरवलेली. 'एक गाव बारा भानगडी' 1968 चा, त्यांचा पहिला सिनेमा, त्यात ते तरुण आहेत हे मान्य, पण मेणाचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी डबा खाऊन हडपसरहून बसने दुकानात गेलो. मालकाला काही न बोलता माझा जुना मोबाइल दिला. प्लेअर मरायच्या आधी 'सामना'तला एक प्रसंग मी टीव्हीवरून मोबाइलवर घेऊन ठेवला होता. मग तोच प्रसंग पेनड्राइव्हवरून लावायला सांगितला. मालक दोनदा पाहून गप्प बसला. मग म्हणाला, "लग्नाच्या कॅसेटला गिऱ्हाईक खरखर काढाच म्हणतं हो, म्हणून सवयीनं करतो." बरोबर आहे. लग्नात कोण खालच्या आवाजात बोलतं?

उपाय अगदी साधा निघाला. डिस्कमध्ये सिनेमाची फाइल असते, ती जशीच्या तशी उचलून ठेवायची. कापायचं नाही, ताणायचं नाही, धुवायचं नाही. खरखर राहते. राहू दे. त्यानं तीन दिवसांत सगळं पुन्हा करून दिलं, जादा पैसे न घेता. फक्त तेवढ्यासाठी माझे हे तीन तारे आहेत, नाहीतर एकावर भागवलं असतं.

पोरगा मधल्या वेळात 'सारांश' बघत बसलेला दिसला. हिंदीतला, 1984 चा. त्यात निळूभाऊ गजानन चित्रे नावाचा पुढारी आहेत. माणूस तोच, सत्ता तीच, पण गावचा पाटील मुंबईत आला की त्याची चाल कशी बदलते बघा. पोरानं विचारलं, "हे खरंच असे होते का, काका?" माझी चुलतीही हेच समजायची. जत्रेच्या तंबूत सिनेमा लागला की ही बाई पहिल्या रांगेत बसून पडद्यावरच्या निळू फुल्यांना आईमाईवरून शिव्या घालायची. त्याला मी सांगितलं, सेवा दलाच्या कलापथकातला गडी, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं नाव झालेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहणारा. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे जमवायला लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केलेला. पोरगा म्हणाला, "मग शिव्या का खाल्ल्या?" म्हटलं, पोटासाठी, आणि काम चोख केलं म्हणून.

त्यानं नाटकांच्या डिस्का नाहीत का विचारलं. नाहीत. 1972 चा 'सखाराम बाइंडर' मला पाहायला मिळाला नाही. त्या वर्षी मी दहावीलाही पोचलो नव्हतो, आणि ज्या नाटकावर बंदी आली ते पाहायला वडिलांनी पाठवलं असतं असंही नाही. निळूभाऊ त्यात सखाराम होते. ही हळहळ आता कुठल्याच दुकानात उतरवून मिळणार नाही.

देणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. 'आवाज साफ करू नका, चित्र कापू नका' हे पावतीवर लिहून घ्या, तोंडी सांगितलेलं काउंटरवरून आत पोचत नाही. आणि एक सिनेमा दोन-तीन डिस्कांत असतो, तर जोडून एक फाइल मागू नका, वेगवेगळ्याच ठेवायला सांगा. जोडताना पहिल्या खेपेला त्यांनी प्रत्येक डिस्कच्या शेवटचे काही सेकंद खाल्ले होते. डिस्क बदलायला उठायचं, पाणी प्यायचं, पुन्हा बसायचं, याची मला सवय आहे, आता रिमोटनं उठतो एवढंच.

20 डिस्का नीट उतरल्या. 'सामना'च्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एक जुनी, आणि दुसरी 13 जुलै 2009 ला निळूभाऊ गेले त्याच आठवड्यात तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर घेतलेली. पहिलीवर ओरखडा पडला तर असावी म्हणून. ती मी दुकानात नेलीच नव्हती, कपाटात सीलबंद आहे. 'सोंगाड्या'ची दुसरी डिस्क मात्र बुरशीनं गेलेली, यंत्र ती वाचेना. मालकानं कापसानं पुसून, तीन वेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. नाही झाली. तिचे 80 रुपये त्यानं परत दिले, सुट्टे.