जुना ऑइल पेंट उतरवायचाय: कॉस्टिक घ्यावा की रिमूव्हर?

गिरगाव-दादरकडच्या जुन्या घरांत सागवानी दारांवर आणि गॅलरीच्या लोखंडी जाळ्यांवर ऑइल पेंटचे थरावर थर बसलेले असतात. ते उतरवायला शेवटी दोनच वस्तू पुढ्यात येतात: कॉस्टिक सोडा किंवा डब्यातला पेंट रिमूव्हर. मी दोन्ही वापरलेत.

रिमूव्हरचं काम देखणं. रंगाला सुरकुत्या पडतात, पापुद्रा फुगतो, पट्टीने ओढला की खालचं लाकूड जसंच्या तसं. कॉस्टिकने सागवान काळवंडतं आणि जुन्या सांध्यांतला सरस सैल होतो. नक्षीच्या कपाटाला कॉस्टिक लावा असं मीही म्हणणार नाही.

माझं मत फिरलं ते पंख्यापायी. रिमूव्हर ओला असेपर्यंतच रंग सोडवतो. पंखा लावला की तो उडून जातो, बंद केला की खोलीत वाफ कोंडते आणि डोकं जड होतं. त्यात पावसाळा असला तर खिडक्याही लावलेल्या. अनेक रिमूव्हरांत डायक्लोरोमिथेन असतं. ते ४० अंशांच्या आसपासच उकळतं आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणजे आपण उकिडवे बसून खरवडतो तिथेच साचते. शरीरात त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. हृदयविकार असलेल्याने तर लांबच राहावं. धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही, आणि साधे रबरी हातमोजे ते काही मिनिटांत पार करतं. अमेरिकेने २०१९ साली घरगुती वापराच्या रिमूव्हरांत त्याला बंदी घातली.

कॉस्टिक गरीब नाही, हे आधी सांगतो. अंगावर उडाला की लगेच चटका बसेलच असं नाही. बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागतात. ती बुळबुळ म्हणजे कातडीतल्या चरबीचाच साबण होत असतो, आणि जखम आत उतरत जाते. डोळ्यात थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. तरीही, निदान माझ्या अनुभवात, हा धोका कोपरापर्यंतचे रबरी मोजे, चारी बाजूंनी बंद गॉगल आणि फुलपँट यांनी अडवता येतो. रिमूव्हरच्या वाफेला घरात तसा बंदोबस्त मला सापडला नाही.

फक्त पद्धत सोडू नका. थंड पाण्यात सोडा टाकायचा, थोडा थोडा. सोड्यावर पाणी ओतलं तर ते उकळून अंगावर येतं. विरघळताना वाफ उठते, तेव्हा तोंड बाजूला. बादली प्लॅस्टिकची, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात हायड्रोजन सुटतो, म्हणून स्लायडिंग खिडकीच्या चौकटीलाही लावू नका. अंगावर उडालाच तर कपडे काढून सरळ नळाखाली, निदान वीस मिनिटं. डोळाही तसाच धुवायचा आणि मग थेट डॉक्टर. व्हिनेगर फिरवायचं ते धुतलेल्या लाकडावर, कातडीवर नाही. लाकडात सोडा राहिला तर नवा रंग सुटतो. लोखंडी जाळी धुऊन सुकली की त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा, इथल्या खाऱ्या हवेत गंज थांबत नाही.

आणि काहीही निवडलंत तरी सुका पॉलिश पेपर नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांना फार वाईट.

जाळी आणि साधी दारं असतील, धुवायला मोरी किंवा गच्ची असेल, तर मी कॉस्टिकच घेईन. व्हिनिअर किंवा प्लायवूड असेल तर रिमूव्हर, पण डायक्लोरोमिथेन नसलेला, आणि तोही उघड्या गच्चीवर, सावलीत.