विषाणूसदृश कण: नुसतं पेप्टाइड की लिपिड लावलेलं?

लसीसाठी पेप्टाइडांपासून (अमिनो आम्लांच्या साखळ्यांपासून) विषाणूसारखा, आपोआप जुळणारा कृत्रिम कण घडवायचा ठरलं की दोन वाटा समोर येतात. एक पीटर बर्कहार्ड यांच्या गटाची. पाचांच्या आणि तिघांच्या जुडग्यात गुंफणारे दोन कॉइल्ड-कॉइल (एकमेकांभोवती पीळ घालणारे सर्पिल तुकडे) एकाच साखळीत जोडायचे. कागदावर तरी 60 साखळ्यांचा कण उभा राहतो. दुसरी झुरिकच्या जॉन रॉबिन्सन यांच्या गटाची. इथे पेप्टाइड फक्त तिघांत गुंफतं आणि त्याच्या टोकाला लिपिड (चरबीसारखा रेणू) असतं. लिपिडं पाण्यापासून पळून आत गोळा होतात, इपिटोप (प्रतिकारशक्ती ओळखते तो तुकडा) बाहेर राहतो, 20 ते 30 नॅनोमीटरचा कण तयार.

मी दोन्ही करून पाहिले आहेत. पहिल्याचं आकर्षण खरं आहे. साखळी ई. कोलाय जिवाणूकडून बनवून घेता येते, त्यामुळे लांबीची फारशी चिंता नाही. अँटिजेन (ज्याविरुद्ध प्रतिसाद हवा तो भाग) म्हणून प्रथिनाचा घडी असलेला अख्खा डोमेन हवा असेल तर मीही तिकडेच जाईन.

पण मला वैताग आणला तो रिफोल्डिंगने, म्हणजे युरियात उलगडलेली साखळी पुन्हा घडीत आणण्याने. युरिया हळूहळू काढत न्यायचा, आणि सकाळी पाहावं तर डायलिसिसच्या पिशवीत दूध, म्हणजे गुठळ्या झालेलं प्रथिन. मग पीएच हलवा, मीठ कमी-जास्त करा, ग्लिसरॉल घाला. एकदा जमतंही, डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या चाचणीत) सुरेख एकच शिखर येतं. पण इपिटोपमधली चार अमिनो आम्लं बदलली की बफरचा शोध पुन्हा पहिल्यापासून. वर ई. कोलायचं एन्डोटॉक्सिन (आवरणातला, प्रतिकारशक्तीला भडकवणारा घटक) उपसायचं ते वेगळंच. ते थोडं जरी उरलं, तरी उंदरात दिसलेला प्रतिसाद कणाचा की त्याचा, हे सांगणं अवघड.

लिपिडवाल्या वाटेवर ही कटकट मला जवळजवळ भेटली नाही. इपिटोप बदलला तरी कणाचा आकार बहुधा तोच राहिला. शिवाय लिपिड म्हणून पॅम2सिस घेतलं तर ते टीएलआर2 या प्रतिकारशक्तीच्या ग्राहकाला चेतवतं, म्हणजे वेगळ्या अॅडज्युव्हंटची (प्रतिसाद वाढवणाऱ्या पदार्थाची) गरज बरीच कमी होते. आपल्याला नेमकं काय चेतवायचंय ते आपण निवडलेलं असतं, हे महत्त्वाचं.

त्रास इथेही आहे. शुद्ध करताना एचपीएलसीच्या सी18 स्तंभाला हे रेणू असे चिकटतात की शिखर पसरट येतं आणि पुढच्या रनमध्येही डोकावतं. कमी चिकटणाऱ्या सी4 स्तंभावर गेलात तर बरं. साखळी लांबली की घन-प्रावस्था संश्लेषणाचं (रेझिनच्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत जाण्याचं) उत्पन्नही घसरतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल, पण इपिटोप छोटा असेल आणि तो वारंवार बदलावा लागणार असेल, तर मी आधी रेझिन भिजत घालेन, म्हणजे लिपिडवाली वाट धरेन.